संदेश पोचला, पण पूर्ण वाचला गेला का? सी भाषेतल्या दोन प्रोसेसमधला बाइटचा हिशेब

व्हॉट्सअ‍ॅपवर एक टिक म्हणजे संदेश निघाला, दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला आणि दोन्ही टिक निळ्या झाल्या म्हणजे वाचला. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये निळी टिक आली, तेव्हापासून 'पाठवलं', 'पोचलं' आणि 'वाचलं' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यांनाच कळलं.

एकाच कॉम्प्युटरवर चालणारे दोन प्रोग्रॅमसुद्धा एकमेकांना संदेश पाठवत असतात. हे प्रोग्रॅम सी भाषेत लिहिले असतील, तर तिथे निळी टिक आपोआप मिळत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं संदेश गेला, वाचणाऱ्याला वाटतं संदेश मिळाला आणि मधल्या मध्ये निम्मा संदेश मागे राहिलेला असू शकतो. चालू प्रोग्रॅममधल्या अशा देवाणघेवाणीला इंटरप्रोसेस कम्युनिकेशन, थोडक्यात आयपीसी म्हणतात. त्यात संदेश पूर्ण वाचला गेला की नाही हे कसं तपासायचं, ते समजून घेऊ.

थोडक्यात

- पाइप आणि स्ट्रीम सॉकेट यांना 'संदेश' माहीतच नसतो, त्यांना फक्त बाइटची धार माहीत असते. संदेश कुठे संपतो हे प्रोग्रॅमरनेच ठरवायचं असतं.
- रीड() या फंक्शनने दिलेला आकडा म्हणजे 'आत्ता मिळालेले बाइट'. तो पूर्ण संदेशाचा आकडा असेलच असं नाही.
- राइट() यशस्वी झालं म्हणजे बाइट ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवले गेले. समोरच्याने ते वाचले, असा त्याचा अर्थ होत नाही.
- वाचल्याची खात्री हवी असेल, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने उलट पोच दिली पाहिजे.

(सी मधल्या फंक्शनची नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची असतात.)

एक गाव, दोन नावं

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक हे गाव आहे. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी इथे असल्यामुळे ते महाराष्ट्रभर माहीत आहे. शेजारच्या हवेली तालुक्यात वढू खुर्द नावाचं दुसरं गाव आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. महाराष्ट्रात अशा जोड्या पुष्कळ आहेत आणि पत्ता लिहिताना 'बुद्रुक' की 'खुर्द' हा शब्द गाळला, तर पत्र भलत्याच तालुक्यात जाऊ शकतं.

आता एक काल्पनिक व्यवस्था डोळ्यांसमोर आणू. रुग्णवाहिकेसाठी आलेले फोन नोंदवणारा एक प्रोग्रॅम आहे. तो गावाचं नाव दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवतो आणि तो दुसरा प्रोग्रॅम गाडी रवाना करतो. पहिल्याने 'वढू बुद्रुक' पाठवलं. दुसऱ्याच्या हाती फक्त 'वढू' आलं. 'वढू' हा शब्द कुठेही तुटलेला दिसत नाही. पडद्यावर चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत. प्रोग्रॅमने गावांच्या यादीत 'वढू'पासून सुरू होणारं पहिलं नाव शोधलं, तर वर्णक्रमानुसार 'ख' हा 'ब'च्या आधी येतो. म्हणून त्याला वढू खुर्द सापडेल आणि गाडी हवेलीत जाईल.

पूर्ण बिघडलेला संदेश लगेच लक्षात येतो. अर्धा संदेश मात्र पुष्कळदा बरोबर दिसतो, म्हणूनच तो जास्त धोक्याचा असतो.

'वढू बुद्रुक' म्हणजे किती बाइट?

मराठी मजकूर आज बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो. तिच्यात इंग्रजी अक्षर एका बाइटचं असतं. देवनागरीतला प्रत्येक घटक, म्हणजे व्यंजन, स्वर, काना, उकार, हलंत, तीन बाइटचा असतो. मोकळी जागा एक बाइटची.

'वढू बुद्रुक' याची फोड करून पाहू: व, ढ, दीर्घ उकार, मोकळी जागा, ब, ऱ्हस्व उकार, द, हलंत, र, ऱ्हस्व उकार, क. म्हणजे देवनागरीचे दहा घटक आणि एक मोकळी जागा. दहा गुणिले तीन अधिक एक, असे झाले ३१ बाइट.

सी भाषेला यातलं अक्षर, जोडाक्षर काहीच कळत नाही. तिच्या दृष्टीने ही ३१ बाइटची ओळ आहे आणि ती कुठेही तुटू शकते. विसाव्या बाइटवर तुटली, तर 'द'पर्यंतचे १९ बाइट पूर्ण येतात आणि हलंताचा फक्त पहिला बाइट येतो. मग 'वढू बुद' आणि त्यापुढे एक विचित्र चिन्ह दिसतं. नवव्या बाइटवर तुटली, तर 'वढू' अगदी स्वच्छ दिसतं.

संदेश अर्धा येतोच कसा?

युनिक्स आणि लिनक्समध्ये दोन प्रोसेस जोडण्याचा सगळ्यात जुना आणि सोपा मार्ग म्हणजे पाइप. १९७३ पासून तो युनिक्समध्ये आहे. नावाप्रमाणेच ही नळी आहे. एका टोकाने बाइट ओतायचे, दुसऱ्या टोकाने घ्यायचे. मधे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, एक टाकी सांभाळतो. त्या टाकीला बफर म्हणतात. लिनक्सवर ही टाकी साधारणपणे ६५,५३६ बाइटची असते.

नळातून आलेलं पाणी पाहून कुणी किती बादल्या ओतल्या हे सांगता येत नाही. पाइपचंही तसंच आहे. पाठवणाऱ्याने तीन वेळा राइट() केलं, म्हणून वाचणाऱ्याला तीन वेगळे तुकडे मिळतील, असं नाही.

उदाहरण घेऊ. पाठवणाऱ्याने एकामागोमाग तीन नावं पाठवली:

१. कोरेगाव भीमा: ३४ बाइट
२. तुळापूर: २१ बाइट
३. वढू बुद्रुक: ३१ बाइट

एकूण ८६ बाइट टाकीत साठले. वाचणाऱ्याने ६४ बाइटची जागा राखून ठेवली आहे आणि तो एकदा रीड() करतो. त्याच्या हाती ६४ बाइट येतात. ३४ आणि २१ मिळून ५५ झाले, उरले ९. नऊ बाइट म्हणजे बरोबर 'वढू'. त्याला दिसेल: 'कोरेगाव भीमातुळापूरवढू'. एकाच वाचनात तीन नावं एकमेकांना चिकटली आणि तिसरं मधेच तुटलं. पुढच्या रीड()मध्ये उरलेले २२ बाइट येतील आणि तो नवा संदेश समजून 'बुद्रुक' नावाचं गाव शोधू लागेल.

इथे कोणाचीच तांत्रिक चूक नाही. कर्नलने एकही बाइट हरवला नाही की क्रम बदलला नाही. संदेशांच्या सीमा जपण्याचं काम पाइपकडे कधी नव्हतंच.

संदेश तुटण्याची आणखी काही कारणं आहेत. संदेश टाकीपेक्षा मोठा असेल, तर तो हप्त्याहप्त्यानेच जाणार. अनेक प्रोसेस एकाच पाइपमध्ये लिहीत असतील, तर लिनक्सवर ४,०९६ बाइटपर्यंतचं एक राइट() अखंड राहतं, त्याहून मोठं असेल तर दुसऱ्याचे बाइट मधे घुसू शकतात. दोन वेगळ्या मशिनमध्ये टीसीपी सॉकेट असेल, तर नेटवर्क त्या धारेचे कुठेही तुकडे करू शकतं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मशिनवर मात्र हे सहसा घडत नाही. तिथे एका वेळी एकच छोटा संदेश जातो आणि तो लगेच वाचला जातो. चाचणी पास होते. गर्दीच्या दिवशी फोन वाढले, संदेश साचू लागले की मग ते चिकटायला आणि तुटायला लागतात.

वाचणाऱ्याने कसं तपासायचं?

'पूर्ण' म्हणजे किती, हे आधी ठरल्याशिवाय पूर्ण वाचलं का हे तपासताच येत नाही. त्यासाठी तीन प्रचलित रीती आहेत.

ठरावीक लांबी. प्रत्येक संदेश, समजा, १२८ बाइटचाच असेल. उरलेली जागा शून्यांनी भरायची. तपासणी सोपी, पण जागा वाया जाते आणि एखादं लांब नाव बसलं नाही तर ते पाठवणाऱ्याकडेच कापलं जातं.

शेवटची खूण. प्रत्येक संदेशानंतर नवी ओळ सुरू करणारा बाइट, म्हणजे १० क्रमांकाचा बाइट, पाठवायचा. तो दिसला की संदेश संपला. मराठीसाठी ही पद्धत यूटीएफ-८ मध्ये सुरक्षित आहे, कारण देवनागरीतल्या तीनही बाइटची किंमत १२८ किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे अक्षराच्या पोटात चुकून १० येऊ शकत नाही. यूटीएफ-१६ मध्ये मात्र 'ऊ' या अक्षराच्या दोन बाइटपैकी एक नेमका १० असतो. तिथे 'ऊस' लिहिला, तरी संदेश अर्ध्यात संपल्याचा भास होईल.

आधी लांबी, मग मजकूर. सगळ्यात जास्त वापरली जाणारी रीत ही. आधी चार बाइटमध्ये '३१' हा आकडा पाठवायचा, मग ३१ बाइटचा मजकूर. एकूण ३५ बाइट. वाचणारा आधी चार बाइट घेतो, त्यातून आकडा काढतो आणि मग तेवढेच बाइट मोजून घेतो.

तिसऱ्या रीतीत वाचणाऱ्याने करायचं काम पायरीपायरीने असं:

१. 'बाकी' नावाच्या चलात हवे असलेले बाइट लिहा. सुरुवातीला ३१.
२. रीड() करा, पण जास्तीत जास्त 'बाकी' इतकेच बाइट मागा. जास्त मागितले तर पुढच्या संदेशाची सुरुवात गिळली जाईल.
३. जितके मिळाले तितके 'बाकी'मधून वजा करा. पुढचं वाचन बफरमध्ये आधीच्या मजकुराच्या पुढे ठेवा.
४. 'बाकी' शून्य झाली तर संदेश पूर्ण. नाही तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर.

पहिल्या फेरीत २० बाइट मिळाले तर बाकी ११. दुसऱ्या फेरीत ११ मिळाले तर बाकी शून्य. दोन फेऱ्यांच्या मधे हलंत तुटलेला होता, पण पूर्ण होईपर्यंत मजकुराला हात न लावल्यामुळे काही बिघडलं नाही. लांबीचे चार बाइटसुद्धा दोन-दोन असे तुटून येऊ शकतात, म्हणून त्यांनाही हीच फेरी लावावी लागते.

रीड()ची तीन उत्तरं

रीड() जे उत्तर देतं त्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

*शून्यापेक्षा मोठा आकडा:* इतके बाइट मिळाले. आणखी येणार आहेत की नाही, याबद्दल तो काही सांगत नाही.

*शून्य:* पाइप किंवा स्ट्रीम सॉकेटवर याचा अर्थ समोरचं टोक बंद झालं, आता काही येणार नाही. यावेळी 'बाकी' शून्य असेल आणि नवा संदेश सुरू झालेला नसेल, तर सगळं व्यवस्थित संपलं. बाकी ११ असेल, तर पाठवणारा मधेच बंद पडला आणि हातातला संदेश अपूर्ण आहे. तो वापरायचा नाही, त्रुटी म्हणून नोंदवायचा. पुष्कळ प्रोग्रॅम नेमकी हीच तपासणी विसरतात आणि अर्धा संदेश पूर्ण समजून पुढे जातात.

*उणे एक:* काही अडलं. कारण 'एर्नो' या चलात असतं. 'ईइंटर' असेल, तर मधे एखादा सिग्नल आला, पुन्हा प्रयत्न करा. 'ईअगेन' असेल, तर सध्या बाइट उपलब्ध नाहीत, पोल() वापरून वाट पाहा. बाकीची कारणं खऱ्या चुका समजायची.

सीमा जपणारे मार्ग: रांग आणि डेटाग्राम

प्रत्येक वेळी हा हिशेब स्वतः करायचा नसेल, तर मेसेज क्यू म्हणजे संदेशांची रांग वापरता येते. इथे कर्नल प्रत्येक संदेश वेगळा ठेवतो. तीन पाठवले तर तीनच मिळतात, चिकटत नाहीत. पण तुटण्याबाबत प्रत्येक प्रकाराचा नियम वेगळा आहे.

| मार्ग | सीमा जपतो का? | वाचणाऱ्याची जागा कमी पडली तर |
|---|---|---|
| पाइप, स्ट्रीम सॉकेट | नाही | उरलेले बाइट पुढच्या वाचनात येतात |
| पॉझिक्स रांग | हो | वाचन नाकारलं जातं, संदेश रांगेतच राहतो |
| सिस्टिम फाइव्ह रांग | हो | वाचन नाकारलं जातं, मात्र 'नो-एरर' पर्याय दिला तर उरलेला भाग कायमचा जातो |
| डेटाग्राम सॉकेट | हो | उरलेला भाग टाकून दिला जातो |
| शेअर्ड मेमरी | नाही | सगळा हिशेब प्रोग्रॅमरचाच |

पॉझिक्स रांगेचा नियम सगळ्यात कडक आहे. वाचणाऱ्याने राखलेली जागा रांगेच्या कमाल संदेश-लांबीपेक्षा कमी असेल, तर एमक्यू_रिसीव्ह() काहीच देत नाही. समोर आलेला संदेश छोटा असला तरी नाही. त्यामुळे इथे संदेश मिळाला तर पूर्णच मिळतो. मिळालेला आकडा हीच त्याची लांबी. इथे शून्य लांबीचा संदेशही वैध असतो, म्हणून पाइपवरचा 'शून्य म्हणजे संपलं' हा नियम इथे लावायचा नाही.

डेटाग्राममध्ये सावध राहावं लागतं. १० बाइटची जागा दिली तर 'वढू' आणि मोकळी जागा एवढंच येईल आणि 'बुद्रुक' परत कधीच मिळणार नाही. साधं रिसीव्ह() केलं तर ही कापाकापी कळतही नाही. ती कळण्यासाठी रिसीव्हएमएसजी() वापरून परत आलेल्या खुणांमध्ये 'एमएसजी_ट्रंक' आहे का, ते पाहावं लागतं. खूण असेल तर संदेश कापला गेला आहे.

पाठवणाऱ्याला कसं कळणार?

इथवरचा सगळा विचार वाचणाऱ्याच्या बाजूने झाला. पाठवणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे: 'मी पाठवलेलं त्याने घेतलं का?'

राइट() यशस्वी झालं, म्हणजे बाइट कर्नलच्या टाकीत गेले. पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं, इतकाच त्याचा अर्थ. राइट()सुद्धा काही वेळा सगळे बाइट घेत नाही, म्हणून तिथेही 'बाकी'ची फेरी लावावी लागते.

टाकीत डोकावून पाहायची सोय आहे. आयओसीटीएल() या फंक्शनला 'एफआयओएनरीड' ही सूचना दिली, की पाइपमध्ये अजून न वाचलेले किती बाइट पडून आहेत ते कळतं. पॉझिक्स रांगेत एमक्यू_गेटअ‍ॅटर() विचारलं, की किती संदेश शिल्लक आहेत ते कळतं. सिस्टिम फाइव्ह रांगेत एमएसजीसीटीएल() शिल्लक संदेशांबरोबर शेवटचं वाचन कोणत्या प्रोसेसने आणि कधी केलं, हेही सांगतं.

शिल्लक शून्य, म्हणजे वाचून झालं, असं म्हणता येईल का? कोणीतरी बाइट टाकीतून उचलले, इतकंच म्हणता येईल. उचलल्यानंतर पुढच्याच क्षणी तो प्रोग्रॅम बंद पडला असेल, तर टाकी रिकामी आणि कामही झालेलं नाही. शिवाय हा आकडा विचारला त्या क्षणापुरताच खरा असतो. देखरेखीसाठी, रांग तुंबली आहे का हे पाहण्यासाठी तो उपयोगी आहे. खात्री देण्यासाठी नाही.

टीसीपीमधली पोचही अशीच फसवते. ती समोरच्या मशिनच्या कर्नलने दिलेली असते. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या भाषेत दोन करड्या टिक, निळ्या नव्हेत.

खरी खात्री: पोच

पोस्टाने महत्त्वाचं पत्र पाठवताना पोच पावती मागितली जाते. घेणाऱ्याच्या सहीची ती पावती परत आली, की पत्र पोचल्याचा पुरावा मिळतो. प्रोग्रॅममध्येही हाच उपाय आहे.

१. प्रत्येक संदेशाला क्रमांक द्या.
२. वाचणाऱ्याने संदेश पूर्ण वाचून, काम झाल्यावर, तोच क्रमांक उलट पाठवावा. पाइप एकाच दिशेने वाहतो, म्हणून उलट दिशेला दुसरा पाइप लागतो, किंवा दोन्हीकडे चालणारा सॉकेटपेअर वापरावा.
३. पाठवणाऱ्याने ठरावीक वेळ वाट पाहावी. पोच आली नाही, तर संदेश पुन्हा पाठवावा.
४. वाचणाऱ्याने झालेले क्रमांक लक्षात ठेवावेत. तोच क्रमांक पुन्हा आला, तर काम पुन्हा न करता फक्त पोच द्यावी.

चौथी पायरी गाळली, तर पोच वाटेत अडकल्यावर संदेश पुन्हा जाईल आणि एकाच रुग्णासाठी दोन गाड्या निघतील. दुसऱ्या पायरीत 'काम झाल्यावर' या शब्दांनाही महत्त्व आहे. संदेश हातात येताच पोच दिली आणि मग प्रोग्रॅम कोसळला, तर पाठवणारा निर्धास्त आणि गाडी जागेवरच, असं होईल. पोच कधी द्यायची यावरच तिचा अर्थ ठरतो.

पुण्यातला एक जुना धडा: परम ८०००

संदेश पूर्ण घेतला गेल्याशिवाय पाठवणाऱ्याने पुढे जायचंच नाही, अशी व्यवस्था थेट हार्डवेअरमध्ये करता येते का? पुण्यात तयार झालेल्या पहिल्या भारतीय सुपरकॉम्प्युटरमध्ये ती होती.

अमेरिकेने सुपरकॉम्प्युटरच्या विक्रीवर निर्बंध घातले, त्या काळात, १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालं. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक प्रोसेसर जोडायचे आणि काम वाटून द्यायचं, अशी त्याची रचना होती. प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र. म्हणजे एकमेकांशी बोलायचं तर संदेशच पाठवायला हवेत.

त्यासाठी ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. या चिपला शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे असत. दुव्यावरून एक बाइट जाताना त्याच्यासोबत तीन जादा बिट जात, म्हणजे एकूण ११ बिट. घेणारी चिप प्रत्येक बाइटसाठी दोन बिटची पोच परत देत असे. 'वढू बुद्रुक' पाठवायचं तर ३१ बाइट आणि ३१ पोचा. शेवटची पोच येईपर्यंत पाठवणारी प्रोसेस थांबून राहायची. ती पुढे सरकली, याचाच अर्थ समोरच्याने सगळे बाइट घेतले. मधे टाकीच नव्हती, त्यामुळे 'टाकीत पडून आहे' ही शक्यताही नव्हती.

याची किंमतही होती. समोरचा तयार नसेल तर पाठवणारा ताटकळत राहायचा. दोघांनीही आधी पाठवायला सुरुवात केली, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकायचे. आणि किती बाइट जाणार हा आकडा दोन्ही बाजूंनी सारखाच ठरवावा लागे. इतक्या काटेकोर यंत्रातही 'पूर्ण म्हणजे किती' हा प्रश्न प्रोग्रॅमरकडेच राहिला होता.

आजच्या परम मालिकेतली यंत्रं, उदाहरणार्थ पुण्याच्या आयसर संस्थेतला परम ब्रह्म, वेगळ्या धर्तीची आहेत. अशा यंत्रांवर संदेशांसाठी एमपीआय हे प्रमाण वापरतात. त्याची पहिली आवृत्ती १९९४ मध्ये आली. तिथे साधं 'सेंड' परतलं, तर आपला बफर पुन्हा वापरायला मोकळा झाला एवढंच कळतं. 'सिंक्रोनस सेंड' परतलं, तर समोरच्याने घ्यायला सुरुवात केली आहे हे कळतं. घेणाऱ्याला 'गेट काउंट' विचारून नेमके किती घटक आले ते मोजता येतं. म्हणजे 'गेलं', 'घ्यायला लागला' आणि 'इतकं आलं' यांची उत्तरं वेगवेगळी मागावी लागतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- लांबीसाठी स्ट्रलेन() वापरून शेवटचा शून्य न पाठवणं. 'वढू बुद्रुक'चे ३१ बाइट गेले, पण सी मध्ये मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट गेला नाही. वाचणाऱ्याने तो स्वतः जोडला नाही, तर छापताना मेमरीतला पुढचा कचराही छापला जातो. म्हणून ३१ बाइटसाठी ३२ बाइटची जागा ठेवावी.
- अक्षरं मोजणं. डोळ्यांना 'वढू बुद्रुक' पाच अक्षरांचं दिसतं. पाठवायची संख्या नेहमी बाइटमध्ये मोजावी.
- आलेल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवणं. चार बाइटमध्ये ४०० कोटींहून मोठा आकडाही मावतो. कमाल मर्यादा ठरवावी आणि त्यापेक्षा मोठा आकडा आला तर जोडणी बंद करावी.
- दोन वेगळ्या मशिनमध्ये आकडा तसाच पाठवणं. काही मशिन मोठा बाइट आधी ठेवतात, काही नंतर. पाठवताना एचटूएनएल(), घेताना एनटूएचएल() वापरावं.
- थोडं थांबून वाचणं. 'एक सेकंद थांबलं की सगळे बाइट आलेले असतील' हा अंदाज आहे, तपासणी नाही. मशिनवर ताण आला की तो चुकतो.
- बंद टोकात लिहिणं. वाचणारा निघून गेला असेल, तर पाइपमध्ये लिहिणाऱ्याला 'सिगपाइप' सिग्नल येतो आणि काहीच व्यवस्था नसेल तर प्रोग्रॅम तिथेच संपतो. तो सिग्नल दुर्लक्षित करून राइट()चं उत्तर तपासावं.

चाचणी कशी घ्यायची?

अर्ध्या संदेशाची चूक लपून राहते, म्हणून ती मुद्दाम घडवून आणावी लागते. पाठवणाऱ्याला एक-एक बाइट, मधे थोडं थांबत, पाठवायला लावा. मग तीन संदेश एकाच राइट()मध्ये पाठवा. नंतर नवव्या बाइटवर पाठवणारा प्रोग्रॅम बंद करा. पहिल्या दोन्ही वेळा वाचणाऱ्याकडे 'वढू बुद्रुक' अखंड आलं पाहिजे. तिसऱ्या वेळी त्याने 'वढू' स्वीकारायचं नाही, संदेश अपूर्ण आहे असं सांगितलं पाहिजे. या तिन्ही चाचण्या पार पडल्या, की वाचणाऱ्याची बाजू भक्कम झाली. मग पोच देण्याआधी वाचणारा प्रोग्रॅम बंद करून पाहा. तो पुन्हा सुरू झाल्यावर पाठवणाऱ्याने तोच क्रमांक परत पाठवला आणि गाडी एकच निघाली, तर दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला.